पिंजरेचा कण

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, "काकी, तुम्ही उपग्रहाचं काम केलंत, त्यावर लिहा." मी उपग्रह टीव्हीवर पाहिला, तुम्ही पाहिला तेवढाच. मी केले ते रिले. ते काय असतात हे आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी चौथी शिकलेली बाई. मला जे कळलं ते तुम्हाला कळायला काही हरकत नाही.

घरातल्या दिव्याचं बटण तुम्ही बोटाने दाबता. रिले म्हणजे बोटाशिवाय दाबलं जाणारं बटण. आत तारेची एक गुंडाळी असते. तारेतून वीज गेली की ती गुंडाळी लोहचुंबक होते आणि समोरची लोखंडाची जीभ ओढून घेते. जिभेच्या टोकाची पत्ती दुसऱ्या पत्तीला टेकते. टेकली की दिवा लागला. वीज बंद केली की जीभ परत आपल्या जागी. आता हे सगळं चिंचोक्याएवढ्या पत्र्याच्या डबीत बसवायचं. तार केसाहून बारीक, पत्तीवर सोन्याचा मुलामा, दोन पत्त्यांमधली फट नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही अशी. ती डबी जोडून कायमची बंद करायची. मग ती उघडत नाही, कापावी लागते.

असे रिले उपग्रहात पुष्कळ असतात. पंख उघडा, बॅटरी बदला, हे यंत्र बिघडलं तर ते चालू करा, अशी कामं खालून हुकूम आला की तेच करतात. तिथे शिडी लावून कुणी मिस्त्री जाणार नाही.

हे काम डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत होत होतं यावर लोकांचा विश्वास बसत नसे. डिचोली म्हटलं की लोकांना खाण आठवते. माझा नवराही खाणीचाच ट्रक चालवत होता. तो गेला तेव्हा मी कारापूरला काजूच्या फॅक्टरीत बिया सोलत होते. रिलेच्या कारखान्यात बायका घेतात असं कळलं, म्हणून गेले. मला पहिल्याच दिवशी आतल्या खोलीत बसवलं. सगळ्यांना वाटलं, बाईचा हात चांगला असणार. हात नंतर चांगला झाला. मला आत घेतलं ते माझ्या अंगावर कुंकू, बांगड्या असं उतरवायला काही नव्हतं म्हणून.

ती आतली खोली म्हणजे धूळ नसलेली खोली. आम्ही तिला सोवळ्याची खोली म्हणायचो. आत जाताना पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं, पायात मोजे, बोटांना रबराच्या टोप्या. फुलं माळायची नाहीत, पावडर लावायची नाही. मंगळसूत्र झग्याच्या आत, बांगड्या बाहीखाली चिकटपट्टीने बांधलेल्या. आणि कपाळाला काही नाही. पिंजर नाही, म्हणजे तुम्ही ज्याला कुंकू म्हणता ते. टिकली तर मुळीच नाही, कारण एका टिकलीने एकदा रिले ठेवायच्या एका तबकाच्या तळाशी संसार थाटला होता आणि तिचा डिंक सुटा करायला दोन साहेब राबले होते.

एवढं सोवळं कशाला, ते ऐका. तुमच्या घरात केर असतो तो कोपऱ्यात जाऊन बसतो. वर वजनच नसतं, त्यामुळे केराला बसायला कोपरा नाही. डबीत एखादा कण राहिला तर तो आत तरंगत फिरतो आणि कधीतरी नेमका त्या दोन पत्त्यांच्या मध्ये जातो. मग हुकूम आला तरी पत्ती टेकत नाही. पंख उघडत नाही. सगळी मेहनत फुकट, आणि दोष शोधायला माणूस पाठवता येत नाही.

म्हणून बंद केलेला प्रत्येक रिले ऐकून बघायचा. खरंच ऐकायचा. एका थरथरत्या चकतीवर तो बसवतात, खाली कान लावल्यासारखं एक यंत्र असतं, आणि माणूस डोक्याला फोन लावून ऐकत बसतो. कण असला तर चाट्कन आवाज येतो. गिऱ्हाइकाकडून बंगळुरूहून एक तपासनीस येत. आम्ही त्यांना कानवाले म्हणायचो. शांत माणूस, कानडी आणि इंग्रजी बोलणारा. कँटीनमध्ये त्यांनी एकदा चटणीकडे बोट दाखवून विचारलं, "फिश?" आमची फिलू ताठ उभी राहून म्हणाली, "नो फिश, सर." त्यांनी निम्मी वाटी संपवली, मग विचारलं, ही छान आहे, कशाची. फिलू म्हणाली, "सुक्या सुंगटांची." सुंगट म्हणजे कोळंबी, ती आमच्या हिशेबात नुस्त्यात, म्हणजे मासळीत, येत नाही, असं तिचं म्हणणं. कानवाले दुसऱ्या दिवसापासून दही-भात बरोबर आणू लागले, पण तक्रार केली नाही. त्यांचा हा गुण मला आवडला.

एकदा ते असेच आले, फोन लावून ऐकायला बसले, आणि पहिल्याच तबकात त्यांनी मान हलवली. मग परत हलवली. दुपारपर्यंत बाजूला काढलेल्या रिलेंचं तबक भरून गेलं. सगळ्यांत चाट् चाट्.

प्रभू साहेब म्हणून आमच्या खोलीचे इंजिनियर होते. त्यांचा चेहरा उकडलेल्या भातासारखा झाला. त्यांनी दोन-चार डब्या कापल्या. आत लाल कण. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, खाण. डिचोलीत लाल काही दिसलं की ते खनिजाचंच असणार. जनेलं, म्हणजे खिडक्या, परत बंद करा, दाराच्या फटी बुजवा, बसचा थांबा लांब न्या, असं आठवडाभर चाललं. मग तपासणीचा निकाल आला. खनिज नाही, पीठ आणि रंग.

"पीठ आणि रंग म्हणजे काय, काकी?" प्रभू साहेबांनी मला विचारलं.

"पिंजर," मी म्हटलं.

झालं होतं असं. बायका आत जाताना कपाळ धुवून जात होत्या, नियमाप्रमाणे. पण चहाला बाहेर आल्या की पुन्हा बोटाने पिंजर लावत. बोडक्या कपाळाने चहा प्यायचा नाही, जेवायचं तर नाहीच, हे प्रत्येकीच्या घरचं वळण. चहा झाला की परत कपाळ धुवायचं, हात धुवायचे, आत. नखाखाली राहिलेलं धुवून जात नाही. त्याच बोटांना रबराच्या टोप्या चढवायच्या, टोपीच्या बाहेरच्या अंगाला ते लागायचं. आमच्या बायकांशिवाय ही चूक जगात कुणाच्या हातून झाली नसती.

कपडे बदलायच्या खोलीत दीक्षा माझ्याजवळ आली. ही पेडण्याच्या केरीची मुलगी, म्हणजे सून. रोज दोन बसगाड्या बदलून येणारी. पत्त्यांमधली फट लावायचं काम तिचं. सगळ्यात कठीण काम ते. चिमट्याने पत्ती एवढीशी वाकवायची, जास्त वाकली की टाकून द्यायची. ती हे गाणं गुणगुणत करायची आणि तिच्या हातून पत्ती वाया जात नसे.

"काकी, ती पिंजर माझी असतली," ती म्हणाली.

"तुझीच कशावरून? सगळ्याच लावतात."

"रिलेची डबी उघडी माझ्याच टेबलावर असता ना."

"मग गप्प बस. विचारलं कोणी?"

विचारलं नाही कोणी, पण निकाल लागला. मालकांनी प्रभू साहेबांना बोलावलं आणि साहेब बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "यापुढे ज्यांना कपाळाला काही लावायचं नसतं अशांनाच आत बसवायचं. बाकीच्यांनी पॅकिंगला."

"म्हणजे विधवा आणि ख्रिस्ती," मी म्हटलं.

"मी तसं म्हटलं नाही, काकी."

"म्हणून मी म्हटलं."

फिलू हसली, मग हसणं गिळलं. हिशेब सोपा होता. मी, फिलू, तिची चुलत बहीण आणि अजून एक नवरा गेलेली बाई, एवढ्या चौघी आत. फट लावणारी एकही नाही. मला त्यातलं थोडं यायचं, पण माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. दीक्षा पॅकिंगला गेली. दोन दिवस खोके बांधले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली की सासू आता काम सोड म्हणते. खोकी बांधायला दोन बसगाड्या कशाला बदलायच्या, तेवढं पेडण्याच्या बाजारातही मिळेल.

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणतले? पिंजर लावणार नाय म्हटलं असतं तर घरात रान उठलं असतं."

"आणि तुला काय हवंय?"

मी कुठली तरी खुळी असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "माका फट लावूक जाय," म्हणाली. मला फट लावायची आहे. हे ऐकून मी ठरवलं की रविवारी केरीला जायचं. साहेबांनी कापलेल्या डबीतल्या कणाचा सूक्ष्मदर्शकातून मोठा फोटो काढला होता. तो मागून घेतला.

केरी म्हणजे आमच्या गोव्याचं वरचं टोक. पलीकडे तेरेखोल, खाडीवर फेरीबोट. एके काळी तिथे जायला माणसं कंटाळत, आता परदेशी माणसं तिथून निघायला कंटाळतात. दीक्षाच्या सासूने घराचा अर्धा सोपा भाड्याने दिला होता. तिथे मणिपूरचा एक माणूस गोंदकामाचं दुकान चालवायचा. मी पोचले तेव्हा बाकावर एक गोरा पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर वाघ चालू होता. वाघाचे पाय झाले होते, डोकं बाकी होतं.

सासूबाईंनी एक कदेल, म्हणजे खुर्ची, माझ्याकडे सरकवली. उंच, काळीसावळी बाई, कपाळावर रुपयाएवढी पिंजर.

"डिचोलेची ना तू? बस. चाय घे."

मी चहा घेतला. त्या बघत होत्या.

"आमच्या घरात बोडक्या कपाळान कोण चाय पिऊक नाय," त्या म्हणाल्या.

"मी पितेय ना."

"तुझी गोष्ट येगळी."

"वेगळी कशी? चहा तोच आहे."

त्या हसल्या नाहीत, पण माझ्या पेल्यात आणखी ओतला. मी फोटो पुढे केला.

"ह्यो काय, चिऱ्याचो धोंडो?" त्यांनी विचारलं. घर बांधायला वापरतात त्या लाल चिऱ्यासारखाच तो दिसत होता.

"तुमच्या सुनेची पिंजर. एक कण. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोठा केलाय."

"दिसना नाय तर त्रास कसलो?"

मग मी त्यांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. बटण, जीभ, पत्ती, वर कोपरा नसतो. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे नुस्त्यात काटो."

"तसंच."

"आणि हीच बसयता ती पत्ती? दुसरी कोण नाय?"

"दुसरी शिकवता येईल. वर्ष जाईल. तोवर काम दुसऱ्या कारखान्यात जाईल, मग आम्ही चौघी आणि तुमची सून, सगळ्याच घरी."

सोप्यावर उकडत होतं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं, पिंजर फिसकटली, आणि खाली एक हिरवा टिपका दिसला.

"ते काय?" मी विचारलं.

"गोंदण. माझ्या आजयेन घालून घेतलेला, जत्रेत. मी रडान गाव डोक्यार घेतलेलंय." मग मान वळवून त्या मणिपूरच्या माणसाकडे बघत राहिल्या. त्याचं यंत्र गुणगुणत होतं. मीही बघायला लागले आणि मला बसल्या जागी मौज वाटली. त्याच्या हातातल्या यंत्रात दोन गुंडाळ्या होत्या, समोर लोखंडाची जीभ, जिभेला सुई. वीज गेली की जीभ ओढली जाते, ओढली की वीज तुटते, तुटली की जीभ परत येते, आली की पुन्हा ओढली जाते. आमचाच रिले, फक्त दम न घेणारा.

सासूबाईंनी हाक मारली. हिंदी त्यांची स्वतःची होती. "बाबू, कपाळ पे एक टिपका करेगा?"

त्याने यंत्र थांबवलं. "किसके, आंटी?"

"मेरी सून का."

"सिर्फ टिपका? फूल-पत्ती कुछ नहीं?"

"फूल नाका. टिपका."

आतून दीक्षा दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागून तिचा नवरा रुपेश. हा पर्यटकांच्या गाड्या चालवायचा, गोड स्वभावाचा, आईपुढे न बोलणारा. त्या दिवशी मात्र बोलला. "आये, मगे माझा नाव घाल ना थंय."

"तुझा नाव कपाळार?" सासूबाई म्हणाल्या. "ती काय शाळेची भिंत?"

मी दीक्षाला विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं, कारण अशा गोष्टी मागून विचारण्यात अर्थ नसतो. "हे जन्माचं आहे. धुवून जाणार नाही. तुला पाहिजे का?"

"खोलीत चलतला?"

"कातडीच्या आत असेल तर चालेल. खपली पडेपर्यंत नाही चालणार."

"मगे जाय," ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, गोंदण असलं की कपाळ बोडकं नाही, चहा प्यायला मोकळी. हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला असावा असा माझा संशय आहे, पण मी विचारलं नाही. मला म्हणाल्या, "तू पण घाल गो एक."

"मला नको. मला बस पकडायचीय."

वाघाला तसाच बिनडोक्याचा ठेवून त्या माणसाने आधी टिपका काढला. गोऱ्याची काही हरकत नव्हती, तो झोपला होता.

खपली पडायला वेळ लागला. तोवर मी प्रभू साहेबांना थोपवून धरलं आणि एका डोळ्याने जमेल तशी फट लावत बसले. निम्म्या पत्त्या वाया घालवल्या. दीक्षा परत आली, साहेबांनी भिंगातून तिचं कपाळ तपासलं, कापसाचा बोळा फिरवून तोही तपासला, आणि तिला आत सोडलं.

इथवर सगळं बरं होतं. पण साहेब लोकांना एक गोष्ट जमली की त्यांना तिचा नियम करायचा असतो. दुसऱ्या आठवड्यात सूचना लागली की लग्न झालेल्या कामगार महिलांनी गोंदवून घेणं इष्ट. बायका भडकल्या. एक म्हणाली, आमच्या कपाळावर काय कंपनीचा शिक्का मारणार. मी सूचना काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमच्या गळ्यात जानवं आहे ना?"

"आहे. त्याचं काय?"

"सुताचं असतं. सुताचे तंतू सुटतात. आत येताना तेही गोंदवून घेणार का?"

त्यांनी सूचना खणात टाकली. ती परत वर आली नाही. जानव्याचं त्यांनी पुढे काय केलं ते मला ठाऊक नाही, पण झग्याच्या गळ्याची बटणं ते त्यानंतर वरपर्यंत लावू लागले. बायकांनी आपला मार्ग आपण काढला. एकीने घरी सांगितलं की केरीची ती सासू बघा, तिने सुनेला मोकळं केलं. दुसरीने काहीच सांगितलं नाही, घरातून पिंजर लावून निघायची, गेटवर पुसायची आणि संध्याकाळी परत लावायची. चहा सगळ्या तशाच प्यायला लागल्या. कुणाचा नवरा चहाने मेला नाही. हळूहळू पॅकिंगला गेलेल्या सगळ्या परत आल्या.

कानवाले पुन्हा आले. फोन लावून बसले. दीक्षा काचेबाहेर उभी राहून बघत होती, तिला काम कर म्हणून सांगायचंही मला सुचलं नाही. एक तबक झालं, दुसरं झालं. शेवटी त्यांनी फोन काढून माझ्या डोक्याला लावला. मी ऐकलं. नुसती थरथर, पावसात पत्रा दूरवर वाजावा तशी, आणि त्यात काही नाही. "अम्मा, नथिंग," ते म्हणाले. एवढी खुशी मला पुढे उपग्रह वर गेल्याच्या बातमीनेही झाली नाही. ती बातमी मी घरी मासे साफ करताना ऐकली. टीव्हीवर साहेब लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आमच्यातलं कोणी नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

पुढे माझे डोळे फारच गेले आणि मी घरी बसले. दीक्षा खोलीची मुख्य झाली.

दीक्षाचा नवरा रुपेश गेला तो पर्वरीजवळ, रस्त्यावरच्या अपघातात. गाडी दुसऱ्याची, चूक दुसऱ्याची. मी केरीला गेले तेव्हा सोपा बायकांनी भरला होता. गोंदकामाचं दुकान बंद ठेवलं होतं. दीक्षाच्या बांगड्या उतरल्या होत्या, मंगळसूत्र उतरलं होतं. एका बाईने ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं, आणि हात थांबवून सगळ्यांकडे बघितलं. जन्माचं आहे, हे मी तिला बजावून सांगितलं होतं. पण असा दिवस तेव्हा माझ्याही डोक्यात नव्हता आणि त्याची टोचणी मला आजही आहे.

"आता ह्येचा काय करूचा?" त्या बाईने विचारलं. दुसरी म्हणाली, हल्ली मशीनने काढतात, हरमलला मिळतं करून.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "फडक्या थंय ठेव," त्या म्हणाल्या. "ता रुपेशचा न्हय. ता तिच्या कामाचा."

त्या बाईने फडकं खाली ठेवलं. मग सासूबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, तेरावं झालं की दीक्षाला डिचोलीला कामावर जायला पहिली बस कुठली, जुनीच आहे की बदलली.

मी सांगितलं, जुनीच आहे.